हरित ऊर्जा कंपन्यांना सरकारी पैसा आणि तो बुडण्याची जोखीम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सौर पॅनेल, बॅटरी किंवा इलेक्ट्रिक गाड्या बनवणारी एखादी कंपनी सरकारी मदत घेऊन बुडाली की वाद पेटतो. एक बाजू म्हणते, सरकारने यात पडायलाच नको होतं. दुसरी म्हणते, नव्या तंत्रज्ञानात एवढं चालायचंच. खाली दोन्ही बाजूंच्या शंका घेतल्या आहेत. बहुतेक उदाहरणं अमेरिकेची आहेत, कारण तिथल्या कर्जांची कागदपत्रं, चौकशी अहवाल आणि आकडे जनतेसमोर आले आहेत.

खासगी कंपनीला सरकारने पैसा का द्यावा? बँका आहेत की.

बँक आधी काय विचारते? असा कारखाना आधी कुठे चालला आहे का, किती वर्षं चालला, तारण काय. नव्या पद्धतीचा पहिलाच कारखाना असेल तर यातल्या एकाही प्रश्नाला उत्तर नसतं. प्रयोगशाळेत दहा पॅनेल बनवणं काही कोटींचं काम असतं, पण तेच रोज हजारोंनी बनवायला शेकडो कोटी लागतात. साहसी भांडवल (व्हेंचर कॅपिटल) पुरवणारे फंड पहिल्या टप्प्याला पैसे देतात आणि सिद्ध झालेल्या तंत्राला बँका देतात. मधल्या टप्प्याला सहसा कोणी वाली नसतो आणि सरकारी कर्जाची गरज तिथेच पडते.

दुसरं कारण प्रदूषणाचं. कोळशाच्या धुराची किंमत कोळसा विकणाऱ्याच्या बिलात येत नाही, ती इतर लोक भरतात. त्यामुळे तुलनेत स्वच्छ वीज बाजारात खऱ्या हिशेबापेक्षा महाग दिसते. कार्बनवर कर लावणं हा त्यावरचा सरळ उपाय, पण तो फार थोड्या सरकारांना राजकीयदृष्ट्या झेपतो. म्हणून बहुतेक जण दुसऱ्या टोकाने सुरुवात करतात आणि स्वच्छ ऊर्जेला पैसा देतात.

हा पैसा कोणत्या रूपात जातो?

बातमीत सरसकट 'सरकारी मदत' असं छापलं जातं आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो. कोणती मदत, यावर कंपनी बुडाल्यास नुकसान कोणाचं, हे ठरतं.

अनुदान परत येत नाही. कंपनी चालो वा बुडो, दिलेला पैसा गेला. कर्ज परत यायचं असतं, पण व्याजाखेरीज वर काही मिळत नाही. कर्जहमीत सरकार कर्ज देणाऱ्याला सांगतं की, ऋणकोने फेडलं नाही तर आम्ही भरू. भागभांडवल घेतलं तर सरकार मालकांपैकी एक होतं, म्हणजे नफ्यात वाटा मिळतो आणि दिवाळखोरीत सगळ्यात शेवटी नंबर लागतो. करसवलत उत्पादनाशी जोडलेली असेल तर पॅनेल बनल्याशिवाय किंवा वीज विकल्याशिवाय सरकारचा एक पैसाही जात नाही. जर्मनीने २००० सालच्या कायद्याने केलं तशी ठरलेल्या दराने वीजखरेदीची हमी दिली, तर सरकारला कंपनी निवडावीच लागत नाही. जो वीज देईल त्याला तो दर.

या शेवटच्या दोन प्रकारांत कंपनी बुडाली तरी करदात्याचं फारसं काही अडकलेलं नसतं. तरीही चर्चा नेहमी कर्ज आणि कर्जहमीचीच होते, कारण त्यात ठरावीक कंपनीचं नाव असतं, कारखान्यात नेत्यांचे फोटो निघतात आणि बुडाल्यावर रक्कम एका आकड्यात सांगता येते.

कर्जहमी दिली म्हणजे सरकारच्या तिजोरीतून लगेच पैसे गेले, असं आहे का?

नावावरून तसं वाटत नाही, पण अमेरिकेत बऱ्याचदा तसंच झालं. हमी ऊर्जा विभागाची आणि कर्ज देणारी फेडरल फायनान्सिंग बँक, जी तिथल्या अर्थखात्याचाच भाग आहे. थोडक्यात, कर्ज देणाराही सरकार आणि हमी देणाराही सरकार. शिवाय रक्कम एकदम हातात पडत नाही. काम जसं पुढे सरकतं तशी ती टप्प्याटप्प्याने उचलायची असते, म्हणून 'मंजूर' रक्कम आणि 'उचललेली' रक्कम यांत मोठा फरक असू शकतो.

सोलिंड्राचं नेमकं काय झालं?

ही गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण आजही दर वादात हेच नाव निघतं आणि सांगितली मात्र अर्धीच जाते.

सोलिंड्रा ही कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटची कंपनी, २००५ साली स्थापन झालेली. तिचं पॅनेल सपाट नव्हतं. काचेच्या नळ्यांच्या आत तांबं, इंडियम, गॅलियम आणि सेलेनियमचा पातळ थर दिलेला असे आणि अशा नळ्या एका चौकटीत ओळीने बसवलेल्या असत. गोल आकारामुळे नळीवर चारी बाजूंनी ऊन पडायचं, पांढऱ्या छतावरून परतलेलं सुद्धा. नळ्यांच्या फटींतून वारा आरपार जात असल्याने छताला भोकं पाडून पॅनेल जखडावं लागत नसे. मोठ्या गोदामांच्या सपाट छतांसाठी कल्पना खरोखर हुशारीची होती.

सगळं गणित मात्र सिलिकॉन महाग राहील यावर उभं होतं. २००८ मध्ये सौरघटांना लागणाऱ्या शुद्ध सिलिकॉनचा खुल्या बाजारातला भाव किलोमागे ४०० डॉलरच्या वर गेला होता. सिलिकॉन न वापरणारं पॅनेल अशा वेळी कोणालाही सोन्याची खाण वाटलं असतं. पुढे नवे सिलिकॉन कारखाने सुरू झाले, चिनी उत्पादन वाढलं आणि २०११ संपेपर्यंत तो भाव दहाव्या हिश्शाच्याही खाली आला. सपाट पॅनेल स्वस्त झाली. सोलिंड्राच्या नळ्या बनवायला खास घडवलेली यंत्रं लागत, त्यामुळे तिला आपला खर्च त्या वेगाने खाली आणणं जमलं नाही.

आता तारखा पाहा. सप्टेंबर २००९ मध्ये ५३.५ कोटी डॉलरची कर्जहमी पक्की झाली. मार्च २०१० मध्ये कंपनीच्याच लेखापरीक्षकांनी लेखी शंका काढली की हा व्यवसाय चालू राहील का. मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष ओबामा कारखान्याला भेट देऊन गेले. जूनमध्ये कंपनीने शेअर बाजारात येण्याचा बेत मागे घेतला. फेब्रुवारी २०११ मध्ये पैसे संपत आल्यावर कर्जाची पुनर्रचना झाली: खासगी गुंतवणूकदारांनी आणखी ७.५ कोटी डॉलर घातले आणि त्या बदल्यात, कंपनी बुडाल्यास ही रक्कम सरकारच्या कर्जाआधी वसूल करण्याचा हक्क मिळवला. ३१ ऑगस्ट २०११ ला कारखाना बंद झाला आणि ६ सप्टेंबरला दिवाळखोरीचा अर्ज गेला. सुमारे ११०० लोकांची नोकरी गेली. तोवर सरकारी कर्जातले जवळपास ५२.८ कोटी डॉलर उचलून झाले होते.

मला यातली सर्वांत गंभीर गोष्ट २००९ चा निर्णय वाटत नाही. तेव्हा खासगी गुंतवणूकदारांनीही या कंपनीत मोठाले पैसे घातले होते आणि तेही बुडाले. गंभीर आहे ती फेब्रुवारी २०११ ची सही. धोका समोर दिसत असताना करदात्याचा रांगेतला पहिला नंबर सोडून दिला गेला. या हमी ज्याखाली दिल्या जातात त्या मूळ २००५ च्या कायद्यात सरकारी हमीचं कर्ज दुसऱ्या कर्जाच्या मागे जाता कामा नये अशी अट होती. ऊर्जा विभागाच्या वकिलांनी तिचा अर्थ लावला की ही अट फक्त कर्ज देतानाच्या क्षणापुरती आहे, नंतरच्या पुनर्रचनेला लागू नाही. ज्या अटीचं कामच वाईट दिवसांत पैसा वाचवणं आहे, ती वाईट दिवस येताच लागू नाही म्हणणं मला पटत नाही.

मग यात भ्रष्टाचार होता का?

कंपनीच्या मोठ्या गुंतवणूकदारांमध्ये ओबामांसाठी निधी उभा करणाऱ्या एका अब्जाधीशाच्या कुटुंबाचं प्रतिष्ठान होतं, त्यामुळे संशय येणं स्वाभाविक होतं. एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेने कारखान्यावर छापा टाकला आणि काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, समितीने हजारो कागद मागवले. शेवटी कोणावरही फौजदारी खटला झाला नाही.

ऊर्जा विभागाच्या महानिरीक्षकांचा, म्हणजे विभागाच्या कारभारावर नजर ठेवणाऱ्या तपासनिसांचा, अहवाल ऑगस्ट २०१५ मध्ये आला. त्यात दोघांनाही दोष आहे. कंपनीच्या काही अधिकाऱ्यांनी विक्रीच्या करारांबद्दल सरकारला चुकीचं आणि दिशाभूल करणारं चित्र दाखवलं होतं. आणि ऊर्जा विभागाने जेवढी खोलात जाऊन तपासणी करायला हवी होती तेवढी केली नाही. लाच सिद्ध झाली नाही. घाई, फुगवलेले आकडे आणि ढिली तपासणी मात्र कागदोपत्री आहे आणि पैसा बुडायला तेवढं पुरतं.

एकटी सोलिंड्राच बुडाली की आणखीही?

आणखीही बुडाल्या. त्यांच्याबद्दल कमी बोललं जातं, खरं तर शिकण्यासारखं त्यांच्यातच जास्त आहे.

कोलोरॅडोच्या अबाउंड सोलरला ४० कोटी डॉलरची हमी होती. ठरलेली उद्दिष्टं गाठली जात नाहीत हे दिसल्यावर ऊर्जा विभागाने २०११ मध्ये पुढचे हप्ते रोखले. २०१२ मध्ये कंपनी बुडाली तेव्हा सुमारे ७ कोटीच उचललेले होते.

फिस्कर ही महागड्या इलेक्ट्रिक गाड्यांची कंपनी. मंजूर कर्ज ५२.९ कोटी डॉलर, म्हणजे जवळजवळ सोलिंड्राएवढंच. गाडी बाजारात आणायची मुदत टळली आणि २०११ च्या मध्यावर पैसे थांबले. तोवर १९.२ कोटी गेले होते. पुढे सरकारने कंपनीच्या खात्यातली रक्कम ताब्यात घेतली, उरलेलं कर्ज लिलावात विकलं आणि तोटा १३.९ कोटींवर राहिला. दोन कंपन्या, जवळपास सारखी मंजुरी, दोन्ही बुडाल्या, तरी नुकसानीत जवळपास चौपट फरक. तो पडला कारण एका ठिकाणी हप्ता वेळेत रोखला गेला.

बीकन पॉवरचं प्रकरण वेगळंच. न्यूयॉर्क राज्यात स्टीफनटाउनला तिने २०० गतिचक्रांचं केंद्र उभारलं. जास्तीची वीज आली की चक्रं वेगाने फिरवायची, कमी पडली की तो वेग परत विजेत बदलायचा. त्याने ग्रिडची वारंवारिता स्थिर राहते. ऑक्टोबर २०११ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. केंद्र मात्र चालू राहिलं, नव्या मालकाने ते घेतलं आणि सरकारच्या ३.९ कोटी डॉलरपैकी मोठा भाग वसूल झाला. उभा केलेला प्रकल्प स्वतः कमावता होता, म्हणून हे जमलं.

बॅटरी बनवणाऱ्या ए१२३ सिस्टिम्सला कर्ज नव्हतं, २४.९ कोटी डॉलरचं अनुदान होतं. ती ऑक्टोबर २०१२ मध्ये दिवाळखोर झाली आणि चीनच्या वानशियांग समूहाने विकत घेतली. तोवर निम्म्याहून अधिक अनुदान वापरून झालं होतं आणि अनुदान असल्यामुळे त्यातलं परत मागण्यासारखं काही नव्हतं. तिचा एक मोठा गिऱ्हाईक होता फिस्कर. सरकारने मदत केलेल्या दोन कंपन्या एकमेकींवर अवलंबून असल्या की जोखीम कशी साखळीने पसरते, ते इथे दिसतं.

एकूण हिशेबात ऊर्जा विभागाची ही कर्जयोजना फायद्यात गेली की तोट्यात?

या प्रश्नावर दोन आकडे फिरतात आणि दोन्ही एकाच महिन्याचे, नोव्हेंबर २०१४ चे आहेत.

ऊर्जा विभागाने सांगितलं की ३४.२ अब्ज डॉलरच्या कर्जांवर तोटा ७८ कोटी, म्हणजे २.३ टक्क्यांच्या आत, आणि व्याजापोटी आलेले ८१ कोटी. म्हणून योजना ३ कोटींनी फायद्यात. मथळे तसेच छापून आले. दुसरा आकडा जीएओ या काँग्रेसच्या हिशेब तपासणाऱ्या संस्थेच्या अहवालातला: त्याच महिन्याच्या स्थितीनुसार या सगळ्या कर्जांचा पूर्ण मुदतीतला अंदाजे निव्वळ खर्च २.२१ अब्ज डॉलर.

दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त मोजण्याची पद्धत वेगळी. पहिल्यात आतापर्यंत आलेल्या व्याजातून आतापर्यंतचं बुडीत वजा केलं आहे. पण ते पैसे सरकारने स्वतः उसने आणलेले असतात, त्यावर सरकारलाही व्याज भरावं लागतं. शिवाय वीस-पंचवीस वर्षांच्या कर्जात पुढे काय बुडेल ते पहिल्या पाच वर्षांत कळत नाही. दुसऱ्या आकड्यात हे सगळं धरलेलं आहे. म्हणून 'योजना फायद्यात' हा दावा मी स्वतः करणार नाही. त्याच वेळी 'हरित कर्जं म्हणजे सगळा पैसा पाण्यात' हा दावाही टिकत नाही. अशा कर्जांत काही बुडणारच हे काँग्रेसने योजना आखतानाच गृहीत धरून त्यासाठी तरतूद केली होती आणि प्रत्यक्ष बुडीत त्या तरतुदीच्या खूपच आत राहिलं.

टेस्लाने कर्ज फेडलं. त्यातून सरकारला काय मिळालं?

मुद्दल आणि व्याज. जानेवारी २०१० मध्ये टेस्लाला ४६.५ कोटी डॉलरचं कर्ज मिळालं आणि मे २०१३ मध्ये, मुदतीच्या नऊ वर्षं आधी, तिने ते पूर्ण फेडलं.

करारात सरकारला ठरलेल्या भावाने टेस्लाचे सुमारे ३० लाख शेअर घेण्याचा हक्क ठेवलेला होता, पण कर्ज लवकर फेडल्यास तो रद्द होणार होता. टेस्लाने लवकर फेडलं आणि हक्क संपला. पुढे त्या शेअरचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तो हक्क राहिला असता तर सोलिंड्राचा खड्डा एकट्या टेस्लातून भरून निघाला असता आणि वर उरलं असतं.

हा माझ्या दृष्टीने या सगळ्या धोरणातला सर्वांत मोठा दोष. साहसी भांडवलदाराच्याही दहापैकी बऱ्याच कंपन्या बुडतात, पण जी चालते तिच्यात त्याची मालकी असते, त्यावर बाकीच्यांचा तोटा निघतो. सरकारने जोखीम त्याच्यासारखी घेतली आणि मोबदला बँकेसारखा घेतला. असं केल्यावर हिशेब कधीच जुळणार नाही.

कारखान्याला कर्ज आणि वीजप्रकल्पाला कर्ज, यांत फरक आहे का?

खूप आहे. वीजप्रकल्पाकडे बहुतेक वेळा वीस-पंचवीस वर्षांचा वीजविक्रीचा करार असतो. दर ठरलेला, गिऱ्हाईक ठरलेलं. पॅनेलचे भाव कोसळले तर त्याचं काही बिघडत नाही, उलट बांधकाम चालू असेल तर फायदाच. ॲरिझोनातल्या २९० मेगावॉटच्या आग्वा कालिएंते प्रकल्पाला ९६.७ कोटी डॉलरची हमी होती आणि तो व्यवस्थित उभा राहिला. अमेरिकेतले १०० मेगावॉटच्या वरचे पहिले पाच फोटोव्होल्टाइक (पॅनेलने उन्हाची थेट वीज करणारे) प्रकल्प याच योजनेतून आले. नंतरच्यांना खासगी बँकांनी पैसे दिले, सरकारची गरज उरली नाही. अशा योजनेचं यश मोजायची ती खरी खूण.

कारखान्याचं तसं नसतं. त्याला रोज बाजारभावाशी झुंजावं लागतं.

वीजप्रकल्पही बुडू शकतो, विशेषतः तंत्रच नवं असेल तर. नेवाडातला क्रेसेंट ड्यून्स हा ११० मेगावॉटचा प्रकल्प वितळलेल्या मिठात उष्णता साठवून सूर्यास्तानंतर वीज देणार होता. त्याला ७३.७ कोटी डॉलरची हमी होती. २०१६ च्या अखेरीस मिठाची टाकी गळली आणि प्रकल्प कित्येक महिने बंद पडला. २०१९ मध्ये वीज घेणाऱ्या कंपनीने करार तोडला. २०२० मध्ये तडजोडीत सरकारला २० कोटी मिळाले, येणं मात्र त्याच्या दुपटीहून जास्त होतं. करार हातात असूनही ठरलेली वीज देता आली नाही तर त्या कराराचा उपयोग नसतो.

चीनने पैसा ओतला आणि जिंकला. मग इतरांनीही तसंच करावं का?

चीनमध्येही कंपन्या बुडाल्या आणि फार मोठ्या बुडाल्या. वूशी शहरातली सनटेक २०११ च्या सुमारास जगातली सर्वांत मोठी पॅनेल कंपनी होती. मार्च २०१३ मध्ये तिला ५४.१ कोटी डॉलरचे रोखे फेडता आले नाहीत आणि तिची मुख्य उपकंपनी दिवाळखोरीत गेली. सरकारी बँकांनी आणि स्थानिक प्रशासनांनी इतक्या कारखान्यांना कर्जं दिली होती की गरजेपेक्षा कितीतरी जास्त पॅनेल बनू लागली. भाव पडले आणि त्यात जर्मनीच्या क्यू-सेल्ससारख्या कंपन्याही गेल्या.

चीनला त्यातून उद्योग मिळाला, हे खरं. एक कंपनी बुडाली तरी यंत्रं, कामगार आणि पुरवठादार तिथेच राहिले आणि पुढची कंपनी त्यांच्यावरच उभी राहिली. जगाला स्वस्त पॅनेल मिळाली. पण ती किंमत चिनी बँकांनी, म्हणजे अखेरीस तिथल्या ठेवीदारांनी मोजली आणि त्यांना कोणी विचारलं नव्हतं. जिथे करदाता प्रश्न विचारू शकतो तिथे ही पद्धत जशीच्या तशी चालणार नाही आणि चालू नये.

युरोपात काय अनुभव आहे?

दोन बॅटरी कंपन्या शेजारी ठेवून पाहा.

ब्रिटनच्या ब्रिटिशव्होल्टला इंग्लंडच्या ईशान्येला ब्लाइथ इथे मोठा कारखाना उभारायचा होता. सरकारने १० कोटी पौंडांचं आश्वासन दिलं, पण बांधकामाचे ठरलेले टप्पे पूर्ण झाल्यावरच पैसे मिळणार होते. २०२२ च्या शेवटी कंपनीने त्यातले ३ कोटी आधी मागितले. सरकारने नाही म्हटलं. जानेवारी २०२३ मध्ये कंपनी बुडाली. त्या १० कोटींपैकी काहीच गेलं नव्हतं. नाही म्हणणं सोपं नव्हतं. तो भाग बेरोजगारीने गांजलेला आणि कारखान्याची घोषणा गाजावाजा करून झालेली. तरीही अट पाळली गेली.

स्वीडनच्या नॉर्थव्होल्टला युरोपची आशा मानलं जात होतं. शेलेफ्तिओच्या पहिल्या कारखान्यात उत्पादन ठरल्याप्रमाणे वाढेना, जून २०२४ मध्ये बीएमडब्ल्यूने २०० कोटी युरोची मागणी रद्द केली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनी स्वीडनमध्ये दिवाळखोर झाली. दरम्यान जर्मनीतल्या हायडे इथल्या कारखान्यासाठी केएफडब्ल्यू या सरकारी बँकेने ६० कोटी युरो दिले होते, ज्याची हमी केंद्र सरकार आणि श्लेस्विग-होल्श्टाइन राज्य यांनी निम्मी निम्मी घेतली होती. पहिला कारखाना नीट चालू लागण्याआधी दुसऱ्याला पैसे देणं ही चूक होती. बॅटरीच्या कारखान्यात इमारत आणि यंत्रं उभी राहणं तुलनेने सोपं, खराब निघणाऱ्या सेलचं प्रमाण खाली आणणं अवघड. त्यात वर्षं जातात. कर्जाचे टप्पे इमारतीला न बांधता विकण्याजोग्या सेलना बांधायला हवेत.

सरकारी पैसा बुडण्याचा हा रोग फक्त हरित ऊर्जेलाच आहे का?

नाही. नॉर्थ डकोटातल्या ग्रेट प्लेन्स प्रकल्पात कोळशापासून वायू बनवायचा होता. तेलाचे भाव चढेच राहतील या हिशेबाने सरकारने हमी दिली. भाव पडले, १९८५ मध्ये मालकांनी हात वर केले आणि सुमारे १.५ अब्ज डॉलरचं कर्ज सरकारच्या गळ्यात आलं. गंमत नव्हे, खरी गोष्ट: १९८८ मध्ये तो विकताना सरकारने पुढच्या नफ्यात वाटा ठेवला. टेस्लाच्या वेळी हाच धडा हाताशी होता.

आणि अमेरिकेच्या याच कर्जयोजनेतल्या सर्वांत मोठ्या हमींपैकी एक सौरऊर्जेला नाही, अणुऊर्जेला गेली आहे. जॉर्जियातल्या व्होग्टल केंद्राच्या दोन अणुभट्ट्यांसाठी सुमारे १२ अब्ज डॉलर. ते काम वर्षानुवर्षं रखडलं, २०२३ आणि २०२४ मध्ये एकदाचं पूर्ण झालं.

एकही कंपनी बुडाली नाही, तर योजना उत्तम म्हणायची का?

माझं उत्तर नाही असं आहे. एकही बुडालं नाही याचा अर्थ, ज्यांना बँकेने तसंही कर्ज दिलं असतं त्यांनाच सरकारने दिलं. सोलिंड्रानंतर ऊर्जा विभाग इतका धास्तावला की काही वर्षं नवी कर्जं जवळजवळ थांबली. तेही नुकसानच, फक्त ते कुठल्या खात्यात नोंदलं जात नाही.

सरकार बदललं की काय होतं?

कंपनीचं आयुष्य वीस वर्षांचं आणि निवडणूक चार वर्षांनी. ऑगस्ट २०२२ च्या कायद्याने अमेरिकेत सौर, पवन आणि बॅटरीला मोठ्या करसवलती मिळाल्या, कर्जयोजनेची मर्यादा कित्येक पटींनी वाढली. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्याने सौर आणि पवन प्रकल्पांच्या त्याच सवलती लवकर आटोपत्या घेतल्या. मधल्या काळात ज्यांनी जमीन घेतली, यंत्रांची ऑर्डर दिली, माणसं नेमली, त्यांची गणितं मोडली. तंत्रज्ञान आणि बाजार यांच्याइतकीच ही जोखीम खरी आहे आणि ती सरकार स्वतःच निर्माण करतं. हमी देणाऱ्यानेच नियम मध्येच बदलायचे आणि कंपनी बुडाल्यावर तिला नालायक ठरवायचं, हे मला अन्यायाचं वाटतं.

नव्या मदतीची घोषणा वाचताना काय तपासावं?

आधी पाहा रक्कम मंजूर आहे की दिलेली. मग पुढचा हप्ता कशावर अवलंबून आहे: तारखेवर, बांधकामावर की विकलेल्या मालावर? मालकांनी स्वतःचे किती घातले? बुडाल्यास सरकारचा नंबर कितवा, आणि तो पुढे बदलता येतो का? कंपनी चालली तर सरकारला व्याजाशिवाय काही मिळणार का? प्रगतीचे अहवाल लोकांना वाचायला मिळणार का?

यातल्या नंबराच्या आणि हप्त्याच्या प्रश्नांना घोषणेत उत्तर नसेल, तर ते लोकप्रतिनिधीला जरूर विचारा. विशेषतः कारखान्याच्या भूमिपूजनाआधी, कारण नंतर थांबवणं कोणालाच नको असतं.

कंपनी बुडाल्यावर कामगारांचं आणि कारखान्याचं काय होतं?

सोलिंड्राच्या कामगारांना त्या सकाळी आल्यावरच कळलं की नोकरी गेली. अमेरिकी कायद्यानुसार मोठ्या कपातीची साठ दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते. ती मिळाली नाही म्हणून कामगार कोर्टात गेले. परदेशी स्पर्धेमुळे काम गेलेल्यांसाठी प्रशिक्षणाची आणि भत्त्याची सरकारी योजना तेव्हा होती, ती त्यांना लागू झाली. फ्रीमाँटची इमारत पुढे हार्ड डिस्क बनवणाऱ्या सीगेटने घेतली. नळ्या बनवण्यासाठी खास घडवलेल्या यंत्रांना मात्र तसा दुसरा उपयोग नव्हता. तारणाची किंमत ठरवताना इमारत आणि अशी यंत्रं वेगवेगळी धरायला हवीत. कर्ज देताना ती एकाच ओळीत, खरेदीच्या भावाने मांडली की वसुलीचा अंदाज चुकतो.